तिरप्या उन्हातला मासा

एसटीएवढी लांब वस्तू व्हिडिओत दिसत नाही असं कोणी म्हणालं, तर आपण आधी त्याच्या चष्म्याकडे बघू. पण आंबेखोलच्या माशाचं तसंच झालं होतं, आणि बघणाऱ्यांच्या चष्म्यात काही दोष नव्हता.

हा मासा पाण्यातला नव्हे. आंबेखोल गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं मोठं उघडं पठार आहे. कोकणात त्याला सडा म्हणतात. त्या सड्यावर फार फार पूर्वी कोणीतरी एक मासा कोरून ठेवला आहे. कोणी कोरला आणि कशाने, हे गावात कोणाला ठाऊक नाही. पांडवांनी कोरला असं जुनी माणसं सांगतात. ज्या कामाचा कर्ता सापडत नाही ते पांडवांच्या नावावर टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि पांडवांनी कधी तक्रार केलेली नाही.

आता त्या सड्यावर मालवाहू ड्रोनांचा तळ होणार होता. गोष्ट काही वर्षांपुढची आहे. तेव्हा आंबे, औषधं आणि टपाल मोठाल्या ड्रोनांमधून जायचं आणि एसटीला ड्रायव्हर नसायचा. कंडक्टर मात्र होता, कारण दारात उभ्या राहणाऱ्यांना ‘पुढे चला’ म्हणायला माणूस लागतोच. तळासाठी सडा यंत्राने घासून सपाट करायचा होता. त्याआधी वारसा नोंदणी मंडळाने गावाला कळवलं, की तिथे जपण्यासारखं काही असेल तर वरून काढलेला व्हिडिओ पाठवा. गावाने पाठवला. मंडळाचं उत्तर आलं: ‘कातळावर चुन्याने काढलेली अलीकडची रांगोळी दिसते. कोरीव काम आढळत नाही. दुसरा व्हिडिओ पाठवायचा असल्यास शनिवार संध्याकाळपर्यंत पाठवावा.’

पहिला व्हिडिओ काढला होता तेजल बारगुडेने. ती सातवीत होती आणि ड्रोन उडवण्याचा परवाना गावात तिच्या एकटीकडे होता. उत्तर वाचून ती सड्याच्या वाटेवरच्या काजूखाली जाऊन बसली आणि रडली. मासा गेला तर तो आपल्यामुळे गेला, असं तिला वाटत होतं.

तिच्या शेजारी टिटवी बसली होती. टिटवी म्हणजे ड्रोन. आकार जेवणाच्या ताटाएवढा, चार पंखे, पोटाखाली कॅमेरा. तालुक्याच्या यंत्रपेढीतून शाळेने ती वर्षभरासाठी आणली होती. आधी तिने आंब्याच्या बागांमध्ये मोहोर मोजण्याचं काम केलं होतं. तिला बोलता यायचं, आणि विचारल्याशिवाय काही न सांगण्याची तिला सवय होती.

“तुझ्यात काही बिघाड आहे का?” तेजलने डोळे पुसत विचारलं.

“नाही.”

“मग मासा का नाही दिसला?”

“मी काढलेला व्हिडिओ बघू या. तू काय सांगितलंस तेही त्यात आहे.”

टिटवीच्या पाठीवरच्या लहानशा पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला. तेजलचाच आवाज आला, “टिटवी, खूप वर जा. सगळा सडा येऊ दे.” मग सगळा सडा आला. त्यात गाव आलं, खाडी आली, लांबचा डोंगर आला, आणि मधोमध कुठेतरी पांढऱ्या दोऱ्याचा गुंता पडल्यासारखं काहीतरी आलं.

“तो मासा,” टिटवी म्हणाली.

“एवढासा?”

“चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. त्यातल्या एका ठिपक्याला चित्रबिंदू म्हणतात. माझ्याकडे चित्रबिंदू ठरावीक आहेत. मी वर गेले म्हणून ते वाढत नाहीत. तेवढ्याच ठिपक्यांत जास्त जमीन कोंबावी लागते. इतक्या उंचीवरून माझ्या एका ठिपक्यात चार बोटं जमीन येते. तुमच्या माशाची रेघ दोन बोटं रुंद आहे. अर्धा ठिपका मला काढता येत नाही.”

“मग तू तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू विचारलं नाहीस.”

तेजलला तिचा राग आला. पण रागावून उपयोग नव्हता, कारण टिटवीला राग कळत नसे. व्हिडिओ पुढे सरकला. आता टिटवी बरीच खाली आली होती. कातळ कोळशासारखा काळा आणि माशाच्या रेघा दुधासारख्या पांढऱ्या दिसत होत्या, आणि चित्रावरून एक काळा डाग फिरत होता.

“हा डाग कसला?”

“तो डाग नाही. ती मी आहे. भर दुपार होती. माझी सावली बरोबर माझ्या खाली पडली होती.”

“आणि कातळ एवढा काळा का? खरा तर तो तांबूस आहे.”

“एक्स्पोजरमुळे (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा त्या मापामुळे). मला कोणी माप ठरवून दिलं नाही तर मी समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढते. चुना चकाकत होता. बाजूचं वाळलं गवतही चकाकत होतं. मला वाटलं उजेड फार झाला, म्हणून मी माप कमी केलं. कातळ काळा पडला. तरीही चुना इतका पांढरा होता की त्याच्यातले बारकावे जळून गेले. जळले म्हणजे नुसता पांढरा रंग उरला. रेघ खोल आहे की सपाट, हे त्यात कळायला जागा राहिली नाही.”

मंडळाने ‘रांगोळी’ का म्हटलं होतं ते तेजलला आता कळलं. आपण मंडळाच्या जागी असतो तर आपणही तेच म्हटलं असतं, असं तिला वाटलं आणि त्याने तिला जास्तच वाईट वाटलं.

“चुना नसता तर?” तिने विचारलं.

“तर कदाचित रेघ दिसली असती.”

आता ही अडचण साधी नव्हती. आंबेखोलला शिमग्यात देवीची पालखी सड्यावर येते आणि माशाभोवती नाचते. त्याच्या आदल्या दिवशी माशाच्या रेघांमध्ये चुना भरायचा असतो, आणि तो मान बारगुड्यांचा, म्हणजे तेजलच्याच घराचा. सध्या तो तिचे प्रथमेशकाका सांभाळत होते. शिमग्याचा चुना अजून गेला नव्हता, तरी व्हिडिओ काढायचा म्हटल्यावर काकांनी पहाटे उठून रेघा पुन्हा भरल्या होत्या. “देवी येते तेव्हा भरतो. मग कॅमेरा येतोय तर नको भरायला?” असं त्यांचं म्हणणं होतं. पाहुणा आला की आपण घर आवरतो, त्यातलाच प्रकार.

चुना धुवायचा हे ऐकून काका उसळलेच.

“काय गो, डोकं ठिकाणावर हाय ना? माझ्या आज्यानं भरलान, बापानं भरलान, आणि मी धुवू? गावात तोंड कसं दाखवू?”

“काका, पण चुन्यामुळेच मासा दिसला नाही.”

“चुन्यामुळे दिसला नाय? चुन्यामुळेच तर दिसतो! चुना नसला तर तिथं नुसता दगड हाय. जाऊन बघ दुपारची.”

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. चुना नसला की दुपारी तिथे खरोखरच काही दिसत नसे. तेजलने टिटवीकडे बघितलं आणि या वेळी तिने नीट विचारलं, “दुपारी का दिसत नाही?”

“तुमच्याकडे टाकी लावलेला पाटा आहे का?” टिटवीने विचारलं.

पाटा होता. वाटण नीट वाटलं जावं म्हणून पाट्याला छिन्नीने बारीक खड्डे पाडतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. मिक्सर बिघडला की आईला त्याची आठवण यायची. टिटवीच्या सांगण्यावरून तेजलने तो स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवला, दारं-खिडक्या लावल्या आणि टॉर्च पाट्याच्या बरोबर वर धरला.

“काय दिसतं?”

“पाटा दिसतो. दुसरं काय दिसायचं?” काका म्हणाले.

“आता टॉर्च खाली आण. पाट्याच्या कडेला, जमिनीला टेकव. उजेड दगडाला घासून जाऊ दे.”

तेजलने टॉर्च खाली आणला आणि पाट्यावरचा एकेक खड्डा उठून दिसला. प्रत्येकात इवलीशी सावली साचली होती. काका नकळत खाली वाकले.

“रेघ आपल्याला दिसते ती तिच्या सावलीमुळे,” टिटवी म्हणाली. “दुपारी ऊन सरळ वरून येतं आणि रेघेच्या तळापर्यंत पोहोचतं. सगळं सारखंच उजळतं, सावली उरत नाही. ऊन तिरपं आलं की रेघेचा काठ त्याला अडवतो. चंद्राचंही असंच असतं. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, तेव्हा तिथली विवरं (मोठे गोल खड्डे) नीट दिसत नाहीत. अष्टमीच्या चंद्रावर, जिथे उजेड संपून अंधार सुरू होतो तिथे, ती ठळक दिसतात. खड्डे दोन्ही दिवशी तेच असतात.”

“पण चुना भरलेल्या रेघेत सावलीला जागाच नाही,” तेजल म्हणाली.

“बरोबर.”

काका पाट्याकडे बघत बसले होते. टिटवीने त्यांना एक साधा प्रश्न विचारला, “तुमच्या लहानपणी रेघा किती खोल होत्या?”

“म्हणजे काय, चांगल्या खोल. माशाच्या डोळ्यात पावसाचं पाणी राह्यचं. बुलबुल यायचे प्यायला.”

“आता राहतं?”

काकांनी पाट्याच्या एका खड्ड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “दर वर्षीचा चुना थोडा थोडा आतच राह्यला, असं म्हणतेस? म्हणजे आम्हीच बुजवला तो?”

“मी तसं मोजलेलं नाही,” टिटवी म्हणाली. “पण चुना बराच आहे.”

टिटवीच्या जागी माणूस असता तर त्याने काकांची समजूत काढली असती. तसं करायला तिथे तेजल होती. ती काकांच्या शेजारी जाऊन बसली. काकांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनीच वाडीतल्या चार बायका आणि दोन पुरुष गोळा केले. पाण्याचे हंडे सड्यावर चढले. तारेचा ब्रश घ्यायचा नाही, खरवडायचं नाही, चुना आधी भिजू द्यायचा आणि मग नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीने, हळू चोळायचं, असं तेजलने विचारल्यावर टिटवीने सांगितलं होतं. चुन्याचे पापुद्रे निघत गेले, एकाखाली एक. माशाचा डोळा साफ झाला तेव्हा काकांनी त्यात ओंजळभर पाणी ओतलं. ते राहिलं.

शुक्रवारी सकाळी तेजल टिटवीला घेऊन अंधारातच सड्यावर गेली. आता तिला बरंच काही कळलं होतं, आणि बरंच काही कळलेल्या माणसाच्या हातून होते तशी चूक तिच्या हातून झाली. तिला सुरुवात झोकात करायची होती. आधी डोंगराआडून वर येणारा सूर्य, मग टिटवी हळूहळू खाली बघणार आणि मग मासा. तिने तसं सांगितलं आणि टिटवीने तसं केलं. सूर्य समोर होता तोवर कातळ काळाकुट्ट. टिटवी खाली बघायला लागली तसा कातळ एकदम भगभगीत झाला, मग पुन्हा मंद झाला. पडद्यावर कोणीतरी दिवा लहान-मोठा करत असल्यासारखं दिसत होतं.

“तू पुन्हा सरासरी काढतेयस!”

“हो.”

“काढू नकोस ना!”

“मग माप ठरवून दे. तिरपं ऊन कातळावर पडलेलं असताना फक्त कातळाकडे बघून माप ठरव आणि त्याला कुलूप लाव. नंतर समोर सूर्य येवो की ढग, मी ते बदलणार नाही. माप थोडं कमीच ठेव. चित्र जरा अंधारं झालं तर नंतर उजळता येतं. पांढरं जळलं की त्यातून काही परत मिळत नाही.”

तेजलने माप ठरवलं, कुलूप लावलं आणि वर बघितलं तर सूर्य कासराभर वर आला होता. रेघांमधल्या सावल्या आटून गेल्या होत्या. ऊन तिच्यासाठी थांबलं नव्हतं. आता उरली होती फक्त शनिवारची सकाळ.

ती घरी गेली नाही. दुपारपर्यंत तिथेच काजूखाली बसून राहिली आणि उगीच, मन मानेना म्हणून, तिने टिटवीला माशाच्या बरोबर वर नेऊन भर बाराच्या उन्हात शॉट घेतला. टिटवीच्या सावलीचा ठिपका सोडला तर त्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नुसता तांबूस दगड होता.

“हा पुसून टाकू?” टिटवीने विचारलं. विचारण्याची वेळ आली की ती विचारत असे.

“राहू दे,” तेजल कंटाळून म्हणाली.

शनिवारी ती सुरुवातीचा झोक वगैरे विसरून गेली होती. फ्रेमचं तेवढं डोक्यात होतं. फ्रेम म्हणजे चौकट, चित्रात काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं त्याची हद्द. टिटवीला तिने नारळाच्या झाडाएवढ्या उंचीवर नेलं, म्हणजे एका रेघेला पाच-सहा चित्रबिंदू मिळाले. कॅमेरा सरळ खाली वळवला, नाहीतर मासा शेपटीकडे निमुळता दिसला असता. ऊन अजून यायचं होतं, म्हणून कातळावरच्या पांढऱ्या दगडफुलाच्या खुणेने मासा तिने बरोबर मधोमध घेतला.

“त्याच्या तोंडापुढे जागा ठेवू का?” तिने विचारलं. तिला तो जरा कोंडल्यासारखा वाटत होता.

“ठेव. बघणाऱ्याची नजर तोंडाच्या दिशेने पुढे जाते. तिथे लगेच चौकटीची कड आली तर ती आपटते. मागे जागा कमी असली तरी चालते.”

मग मासा किती मोठा हे कळायला शेजारी माणूस हवा, म्हणून काका उभे राहिले. धुतलेला शर्ट घालून, छाती काढून.

“काका, तुमची सावली माशावर पडेल!”

ऊन आलं की काकांची सावली काकांच्या सहापट लांब होणार होती आणि माशाच्या पोटावर आडवी पसरणार होती. काका माशाला वळसा घालून पश्चिमेच्या बाजूला गेले. तिथून सावली त्यांच्या मागे गवतात पडणार होती. “आता हलू काय नको?” त्यांनी विचारलं आणि उत्तरासाठी ते हललेच.

आणि डोंगरावरून ऊन आलं. टिटवी हवेत जागच्या जागी थांबली होती. कातळावर आधी काही नव्हतं. मग शेपटी आली, कल्ल्याची वाकडी रेघ आली, पाठीवरचे खवले एकामागून एक आले, आणि शेवटी काळाभोर गोल डोळा आला. तेजल पडद्याकडे बघतच राहिली. जन्मापासून ती या माशावर खेळत आली होती. त्याला खवले आहेत हे तिला आज कळलं. चुना भरणाऱ्यांनी ते कधी भरलेच नव्हते.

घरी येऊन एडिटिंग सुरू झालं. एडिटिंग म्हणजे काढलेल्या चित्रणातून नको ते कापणं आणि हवं ते योग्य क्रमाने जोडणं. मंडळाला तीन मिनिटं हवी होती आणि तेजलकडे तासभराचं चित्रण होतं. काकांना देऊळ हवं होतं, खाडी हवी होती, ढोल-ताशा हवा होता, आणि चित्रं गरगर फिरत बदलायला हवी होती.

“टिटवी, देऊळ ठेवू का?”

“मंडळाचा प्रश्न काय आहे?”

“कोरीव काम आहे का, हा.”

“देऊळ बघून त्याचं उत्तर मिळतं?”

देऊळ गेलं. मग खाडी गेली. काकांनी ढोल-ताशासाठी बराच वेळ किल्ला लढवला, पण तोही पडला. मासा फार भरभर येऊन जात होता, म्हणून तेजलने एकेक चित्र जास्त वेळ ठेवलं. डोळ्याला एखादी गोष्ट नुसती दिसते आणि मग कळते, आणि त्या दोहोंमध्ये थोडा वेळ जातो. तरी काहीतरी कमी होतं. मासा सुंदर दिसत होता, पण तो रंगवलेला नाही हे कुठे कळत होतं?

“रेघा जरा गडद करून टाक गो,” काका म्हणाले. “करते ना ती टिटवी?”

“करता येतील,” टिटवी म्हणाली. “हवे तर खवलेही वाढवता येतील. मग तो मी काढलेला मासा होईल.”

तेजल विचार करत कालचं चित्रण मागे-पुढे करत होती. त्यात तो दुपारचा, काही न दिसणारा शॉट आला. तिने तो कापायला बोट उचललं आणि बोट तसंच राहिलं. टिटवी काल दुपारी आणि आज सकाळी एकाच जागी उभी होती. दगडावरचं तेच पांढरं दगडफूल दोन्ही चित्रांत दिसत होतं, आणि फ्रेम थोडी कापली की ती दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसत होती.

तिने आधी दुपारचा शॉट लावला: कोरा दगड, ना चुना, ना रंग. लगेच त्याला सकाळचा शॉट जोडला. त्याच दगडातून मासा वर आला. एकटा असताना टाकाऊ वाटणारा शॉट दुसऱ्याशेजारी बसल्यावर साक्षीदार झाला होता. रंगवलेली रेघ दुपारीही दिसली असती. फक्त कोरलेली रेघच अशी उन्हाबरोबर येते आणि उन्हाबरोबर जाते.

“झालं,” तेजल म्हणाली. मग तिने चौकटीच्या कडेला, माशापुढच्या रिकाम्या जागेत बोट ठेवलं. “हे काय आहे?”

तिथे दोन-तीन अगदी फिकट रेघा होत्या.

“बैलगाडीच्या चाकाच्या असतील,” काका म्हणाले.

“माहीत नाही,” टिटवी म्हणाली.

तेजलने त्या कापल्या नाहीत. माशाला पुढे जागा हवी होती म्हणून त्या राहिल्या, आणि व्हिडिओ गेला.

मंडळाकडून डॉ. नसीमा परकार पुढच्या आठवड्यात स्वतः आल्या. एसटीने आल्या, म्हणून दुपारी आल्या. सड्यावर चढल्या, माशाच्या डोक्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांना काहीही दिसलं नाही. बाई अनुभवी होत्या, त्यांना कारण माहीत होतं. पण चारची एसटी शेवटची होती.

“व्हिडिओ चांगला होता,” त्या म्हणाल्या. “पण आजकाल व्हिडिओ कोणीही कसाही बनवतो. मला माझ्या डोळ्यांनी बघून सही करायची आहे. इथून मला थेट दुसऱ्या गावी जायचंय, उद्या सकाळपर्यंत थांबता येणार नाही.”

तेजलने खाडीकडे बोट केलं आणि ती म्हणाली, “मॅडम, सकाळ नको. संध्याकाळचं ऊनही तिरपंच असतं. तेवढं थांबा. काका तुम्हाला गाडीने पोचवतील.”

काकांना हे तेव्हाच कळत होतं, पण त्यांनी मान डोलावली.

बाई थांबल्या. त्यांनी काजूखाली बसून चहा घेतला, तेजलला शाळेचं विचारलं, टिटवीला मोहोराचं विचारलं. सूर्य खाडीकडे उतरायला लागला तशा त्या उठून माशापाशी आल्या. शेपटी आली, कल्ला आला, खवले आले. त्यांनी गुडघे टेकून एका रेघेत बोट फिरवलं आणि मग डोळ्यातल्या खळग्यात अंगठा ठेवून बघितला. “हो,” एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्या माशाच्या तोंडापुढे गेल्या. “आणि या रेघा. खरं सांगायचं तर मी यांच्यासाठी आले. माशाला कोणीतरी चुना भरला होता. यांना कधीच कोणी भरलेला दिसत नाही.”

“सकाळी त्या फार फिकट होत्या,” तेजल म्हणाली. “टिटवी, का?”

“माशापुढचा कातळ जरासा पूर्वेकडे कललेला आहे. सकाळचं ऊन त्याच्या तोंडावर पडतं. संध्याकाळचं त्याला घासून जाईल.”

ऊन आणखी उतरलं. फिकट रेघा गडद व्हायला लागल्या, आणि त्यांच्या आजूबाजूला आणखी रेघा येऊ लागल्या. एक पोटरी. मग गुडघा. मग दुसरा पाय. पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली, बोटंसुद्धा वेगवेगळी कोरलेली. काका काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी हात जोडले. डॉ. परकारांनी खाली बघितलं. त्या एका पावलावर उभ्या होत्या. त्यांनी पटकन पाय उचलला, चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी मागे सरल्या.

माणूस माशाहून मोठा होता. पण तो कमरेपर्यंतच होता. कमरेच्या वर नुसता दगड.

“वरचा अर्धा कोरलाच नसेल,” काका हळूच म्हणाले.

“किंवा त्याच्या रेघा पूर्व-पश्चिम असतील,” टिटवी म्हणाली. तिला हे कोणी विचारलेलं नव्हतं. “या दिवसांत सूर्य सरळ पूर्वेला उगवतो आणि सरळ पश्चिमेला मावळतो. त्या दिशेच्या रेघांवरून ऊन लांबीलांबीने जातं, काठ त्याला आडवा येत नाही, म्हणून सावली पडत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला सरकून उगवतो. जूनमध्ये उत्तरेला. तेव्हा ऊन त्यांच्यावरून तिरकं जाईल.”

“जूनमध्ये पाऊस,” डॉ. परकार म्हणाल्या. “म्हणजे डिसेंबर.” त्यांनी सड्यावरून लांबवर नजर फिरवली. सगळीकडे तसाच तांबूस कातळ पसरला होता, त्याच्यावरचं ऊन आता मावळत होतं. “वर्षभराचं ऊन बघितल्याशिवाय या सड्याला यंत्र लागणार नाही. तळाला दुसरी जागा शोधू दे. आज रात्रीच तसं कळवते.”

तेजलला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, आणि त्यातलं काहीच न करता ती त्या माणसाच्या कमरेच्या वर, कोऱ्या दगडावर, जाऊन आडवी झाली. कातळ दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होता.

“त्याचे हात कसे असतील गो?” काकांनी विचारलं.

तेजलने आधी हात अंगाला चिकटवून बघितले, मग वर केले, मग दोन्ही बाजूंना पसरले. एकही तिला पटेना. डॉ. परकार हातात चपला घेऊन तशाच उभ्या होत्या आणि काकांच्या गाडीची त्यांना काही घाई दिसत नव्हती.

“डिसेंबरात बघू,” तेजल म्हणाली आणि तिने डोकं जरा वर सरकवलं, कारण माणूस मोठा होता.